लहानपणी बाप्तिस्मा झालाय, आता पुन्हा घ्यावा का?

काठावरचा

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाला विचारायचं धाडस होत नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं वय ३४. मी अडीच महिन्यांचा असताना माझा बाप्तिस्मा झाला. कपाळावर तीनदा पाणी घातलं तरी मी रडलो नाही, उलट पाळकसाहेबांच्या गळ्यातली पट्टी मुठीत धरून ठेवली, असं आई सांगते. मला अर्थातच काही आठवत नाही. सोळाव्या वर्षी दृढीकरण झालं (लहानपणीचा विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा विधी) तेव्हा वर्गातल्या बाकीच्या मुलांबरोबर उत्तरं पाठ म्हटली. ती अजून पाठ आहेत.

दोन वर्षांपासून मित्रांच्या एका प्रार्थनागटात जातो. माणसं जिवाला जीव देणारी आहेत. वडील दवाखान्यात होते तेव्हा रात्री जागायला यांच्यापैकीच कुणी ना कुणी यायचं. त्यांचं म्हणणं असं, की तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. आधी विश्वास, मग पाणी. गटातला माझा सगळ्यात जवळचा मित्र पुढच्या महिन्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेणार आहे आणि मीही त्याच दिवशी घ्यावा अशी त्याची फार इच्छा आहे.

एवढंच असतं तर वाचून, विचारून ठरवलं असतं. खरं कारण वेगळं आहे आणि ते मी त्यालाही सांगितलेलं नाही.

मी एका गोदामात साठ्याच्या नोंदी बघतो. दर तिमाहीला माल प्रत्यक्ष मोजायचा, नोंदवहीशी ताडून बघायचा आणि खाली सही करायची. या वेळी मोजणी झालीच नाही. माणसं कमी होती आणि वरून घाई होती. साहेब म्हणाले, मागचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून टाक. मी टाकले. 'प्रत्यक्ष मोजणी केली' या ओळीखाली सही केली. हात थरथरला वगैरे काही नाही. सही नेहमीसारखीच आली आणि तेच मला जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या टेबलावरची सहकारी वही बंद करताना म्हणाली, "तुमची सही असली की मी पुन्हा बघत नाही. तुम्ही चर्चला जाणारी माणसं, खोटं लिहिणार नाही." अगदी मनापासून म्हणाली. त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून वाटतंय, त्या पाण्याचा उपयोग काय झाला? इतकी वर्षं फॉर्मवर धर्माच्या रकान्यात मी बिनदिक्कत 'ख्रिस्ती' लिहितो. आता समजून-उमजून पाण्यात उतरलो तर हे सगळं धुऊन निघेल, पहिल्यापासून सुरुवात होईल, असं वाटतं. आईला फक्त बाप्तिस्म्याचं सांगितलं, सहीचं नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे आम्ही तुला देवाच्या हाती दिलं, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही का रे?"

पुन्हा घ्यावा का? आणि बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ताचा होतो म्हणजे नेमकं काय होतं, जर सोमवारी सकाळी सही करताना त्याचा पत्ताच नसेल?

पाण्यातून_वर

मी तुमच्या मित्राच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. माझाही लहानपणी बाप्तिस्मा झाला होता आणि २६व्या वर्षी मी तळ्यात उतरून घेतला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. 'बाप्तिस्मा' ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थच बुडवणं. रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात पौल त्याला पुरलं जाणं म्हणतो. ख्रिस्ताबरोबर मरायचं, पुरलं जायचं आणि मग नव्या जीवनात चालायचं. माझ्या कानांवरून पाणी गेलं आणि काठावरचं गाणं एकदम बंद झालं, ते दोन सेकंद मला आठवतात. पाळकांचा एक हात पाठीखाली, दुसरा माझ्या छातीवर घट्ट धरलेल्या हातांवर. वर आल्यावर पहिला श्वास घेताना घशातून आवाज निघाला. ते शरीराला आठवतं, आणि माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

पण तुमचं कारण वाचलं आणि थांबलो.

पाळकांनी मला सात आठवडे थांबवलं होतं. दर आठवड्याला एकच प्रश्न विचारायचे, "कशासाठी?" पहिल्यांदा मी म्हणालो, मागचं सगळं धुऊन टाकायचंय. त्या वेळी माझ्या भावाचे पैसे मी दोन वर्षं अडकवून ठेवले होते, आणि हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "पैसे परत केलेस?" नाही म्हटलं. "मग ते पाण्यावर कशाला ढकलतोस? आधी भावाकडे जा." मला इतका राग आला की पुढच्या आठवड्यात गेलोच नाही. शेवटी भावाकडे गेलो, होते तेवढे दिले, उरलेल्यांची कबुली दिली. त्यानंतर पाण्यात उतरलो.

लूककृत शुभवर्तमानाचा ३रा अध्याय काढून बघा. योहानाकडे बाप्तिस्म्याला आलेली माणसं विचारतात, आम्ही काय करावं? जकातदारांना तो सांगतो, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, धाकदपटशाने कुणाकडून पैसे उकळू नका, आपल्या पगारात भागवा. काम सोडून माझ्याबरोबर रानात राहा असं तो एकालाही म्हणत नाही. ज्याला त्याला त्याच्याच नाक्यावर, त्याच्याच चौकीवर परत पाठवतो. तुम्ही त्या रांगेत असतात तर म्हणाला असता, जा आणि माल मोज.

विश्वासाने घ्यावासा वाटला तर जरूर घ्या, मला आनंदच होईल. या सहीसाठी घेऊ नका. पाण्यातून वर आल्यावरही ती वहीत तिथेच असेल. बाप्तिस्म्यानंतर अकराव्या दिवशी मी आजारी वडिलांवर असा ओरडलो की ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा वाटलं, हाही वाया गेला. मग काय, तिसऱ्यांदा घ्यायचा?

जुनी_पानं

हा 'तिसऱ्यांदा' मंडळीला फार लवकर भेटला होता, म्हणून थोडं लिहितो. मी पाळक नाही, मंडळीचा इतिहास आवडीने वाचणारा माणूस.

चौथ्या शतकात बरेच जण बाप्तिस्मा मुद्दाम लांबवायचे. हिशेब असा, की एकदाच धुतलं जायचं असेल तर शेवटी धुवावं, म्हणजे नंतर मळायला वेळच उरणार नाही. रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनने ३३७ साली मरण जवळ आल्यावर घेतला. पुढे उत्तर आफ्रिकेत बिशप आणि मोठा लेखक झालेला ऑगस्टीन लहानपणी पोटाच्या दुखण्याने इतका आजारी पडला की बाप्तिस्म्याची घाई सुरू झाली. तो बरा झाला आणि लगेच बेत पुढे ढकलला गेला. नंतरच्या पापांचा दोष मोठा, ही भीती. पुढे ३८७च्या ईस्टरला मिलानमध्ये तिथल्या बिशप अँब्रोजने त्याला बाप्तिस्मा दिला, त्याच्या किशोरवयीन मुलाबरोबरच. या लांबवण्याविषयी त्याने मोठेपणी कळवळून लिहिलंय. लोक म्हणायचे, करू दे त्याला काय करायचं ते, अजून बाप्तिस्मा कुठे झालाय! शरीराच्या बाबतीत कुणी असं म्हणतं का, की आणखी जखमा होऊ देत, अजून कुठे बरा झालाय?

मंडळीला जे शिकायला वेळ लागला ते हेच. पाणी पहिलं घ्या नाहीतर शेवटी, माणूस मधे पडणारच. म्हणून प्रश्न पाण्याच्या वेळेचा राहिला नाही, परत येण्याच्या वाटेचा झाला.

उत्तर आफ्रिकेत वाद आणखी टोकाला गेला. छळाच्या काळात ज्या बिशपांनी पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारच्या हवाली केल्या, त्यांच्या आणि त्यांना मानणाऱ्यांच्या हातून झालेला बाप्तिस्मा खोटा, असं डोनाटसचे अनुयायी म्हणत आणि पुन्हा देत. ऑगस्टीनने यावर वर्षानुवर्षं एकच गोष्ट मांडली: हात कुणाचाही असो, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो. रविवारी आपण मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या ठरलेल्या कबुलीत, 'एकच बाप्तिस्मा' म्हणतो, ती ओळ ३८१ सालापासूनची.

जुन्या ख्रिस्ती लेखकांनी पश्चात्तापाला गलबत फुटल्यावर हाती लागणारी दुसरी फळी म्हटलंय. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरला ही उपमा पटली नाही. १५२९च्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत तो म्हणतो, गलबत फुटतच नाही, ते देवाचं आहे. आपण त्यातून घसरून पाण्यात पडतो. पडलेल्याने पोहत परत यावं आणि त्यालाच धरावं. तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला हेच आठवतंय.

तुमच्या मित्रांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. 'पुन्हा बाप्तिस्मा देणारे' हे नाव विरोधकांनी ठेवलं. त्यांच्या लेखी तो दुसरा नव्हताच, पहिलाच होता. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला दोन वर्षांनी त्याच गावाच्या नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. तेव्हा 'पुन्हा घेणारे' लोक उथळ असतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मला त्यांचं मत पटत नाही, पण त्यांनी ते जिवाच्या मोलाने धरलं होतं.

काठावरचा

दोघांचेही आभार. गलबताचं मी रात्री तीनदा वाचलं.

तरी एक गाठ सुटत नाही. लहानपणीचा खरा धरला तर त्यात मी काहीच केलेलं नाही. होकार नाही, समज नाही, आठवण नाही. ज्यात माझा हातच नाही ते माझी ओळख कसं होईल? ओळख माणूस वागून कमावतो ना? आणि मी कसा वागलो ते तर तुम्ही वाचलंतच.

रात्रपाळी

तुला अरेतुरे करते, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे.

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात ३१ वर्षं परिचारिका होते. आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याला स्नानसंस्कार म्हणतात. बाळाच्या जिवावर बेतलं आणि फादर वेळेत पोचत नसतील तर तो कुणीही देऊ शकतं. देणाऱ्याचा स्वतःचा झालेला नसला तरी चालतं. पाणी हवं, ठरलेले शब्द हवेत आणि मंडळी जे करते तेच करायची मनापासून इच्छा हवी. मी तो नऊ वेळा दिला, प्रत्येक वेळी आईवडिलांनी मागितला म्हणून.

पहिला मुलगा ७४० ग्रॅमचा होता. काचेच्या पेटीत, नाकातोंडात नळ्या, गालांवर चिकटपट्ट्या. पाणी लावायला कपाळावर नखाएवढी जागा उरली होती. पाणी नुसतं टेकवून चालत नाही, वाहावं लागतं. म्हणून निर्जंतुक पाणी कोमट केलं, सिरिंजची सुई काढून ठेवली आणि तिच्यात भरलं. बापाला विचारलं, नाव काय? त्यांनी ठरवलंच नव्हतं, अजून अडीच महिने हातात आहेत असं धरून चालले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि बापाने नाव सांगितलं. ते नाव जगात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने उच्चारत होतं. मी तेच घेऊन म्हटलं, मी तुला पित्याच्या, आणि बारीकशी धार सोडली. पुत्राच्या, आणि धार. पवित्र आत्म्याच्या नावाने. माझा हात थरथरला, हे तुला मुद्दाम सांगते.

चाळीस मिनिटांनी तो गेला.

त्याने काय केलं होतं रे? डोळेसुद्धा उघडले नव्हते. होकार, समज, आठवण, तू मोजलेलं एकही त्याच्याजवळ नव्हतं. तरी त्याला कपड्यात गुंडाळून आईच्या हातात देताना मला एवढं पक्कं माहीत होतं, की हा कुणाचा तरी आहे. त्या रात्रीपासून 'ओळख कमावतात' हे माझ्या तोंडून निघत नाही. नाव आधी कुणीतरी घेतं. आपण पुढे आयुष्यभर त्याला ओ द्यायला शिकतो, आणि पुष्कळदा देत नाही. म्हणून घेतलेलं नाव खोटं ठरत नाही.

आता आठवणीचं. त्याच्यानंतर चारेक वर्षांनी एक मुलगी आली, तिलाही मीच दिला आणि ती वाचली. साडेतीन महिन्यांनी घरी गेली. आईवडिलांना चर्चमध्ये, सगळ्या नातलगांसमोर तो पुन्हा करायचा होता. फादर म्हणाले, बाकीचं सगळं करू. तेल लावू, पांढरं वस्त्र घालू, मेणबत्ती पेटवू. पाणी मात्र नाही, ते झालंय. तिची आई रडली. म्हणाली, तेव्हा कुणीच नव्हतं हो, नुसता यंत्राचा आवाज होता. मग फादरांनी मला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला लावलं. मी सांगितलं, कुठल्या दिवशी, रात्री किती वाजता, कुठल्या शब्दांनी. ती मुलगी आता नोकरी करते आणि दर वर्षी त्या तारखेला मला फोन करते. तिला काही आठवत नाही. मला आठवतं.

शरीराला आठवणं मोठी गोष्ट, हे वरच्या दादांचं खरं आहे. आपल्यासाठी दुसऱ्या कुणी आठवण धरून ठेवणं हीही तेवढीच मोठी. तुझी पट्टी धरलेली मूठ आईला ३४ वर्षांनी आठवते आहे. तिच्याशी बोल, नुसतं 'मी पुन्हा घेतोय' सांगून उठू नकोस.

आणि सहीचं. मीही केलंय. नोकरीचं सहावं वर्ष, पहाटे चारची फेरी, चौदा बाळं आणि आम्ही दोघी. एका बाळाचं तापमान न घेताच मागचा आकडा पुढे लिहिला. बाळाला काही झालं नाही. मला झालं. सहा वाजता मोठ्या सिस्टरांपुढे उभी राहिले आणि सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, आधी जाऊन तापमान घे, मग नोंद दुरुस्त कर. आमच्याकडे नोंद दुरुस्त करायची रीत ठरलेली आहे. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, वेळ टाकायची, सही करायची. गिरवून झाकायचं नाही, आणि कागद फाडून नवा घ्यायचा तर मुळीच नाही. त्या आठवड्यात पापनिवेदनाला गेले तेव्हा ती रेघ मारून झालेली होती, म्हणून तोंड उघडता आलं.

प्रेषितांच्या कृत्यांत, १६व्या अध्यायात, तुरुंगाच्या नायकाची गोष्ट आहे. त्याच रात्री तो पौल आणि सीला यांच्या जखमा धुतो आणि मग घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतो. घरच्यांत तान्ही मुलं होती की नाही यावर लोक भांडतात. मी मात्र दर वेळी जखमांपाशी थांबते. मध्यरात्रीपर्यंत ज्यांचे पाय खोड्यात अडकवलेले होते, त्यांचं रक्त पुसायला हा बसला, आणि घरात पाणी तर एकच असणार.

तुझ्या सोमवारी सकाळच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच आहे. मी एका पाळीत पन्नाससाठ वेळा हात धुवायचे. त्यातल्या पहिल्या वेळी, पाण्याखाली हात असताना, स्वतःचं नाव मनात घ्यायचे, स्नानसंस्कारात घेतलं होतं ते पूर्ण नाव. मग आत जायचे. रोज काही चांगली वागले असं नाही. पण कुणाची म्हणून आत चालले आहे ते विसरून गेले नाही.

काठावरचा

बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा.

मावशी, तुमचा निरोप शुक्रवारी वाचला. सोमवारी सगळ्यांच्या आधी गेलो. त्या ओळीवर एक रेघ मारली, बाजूला 'मोजणी झालेली नाही' लिहिलं, तारीख टाकली, सही केली. या वेळी हात थरथरला. मग साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. काय काय बोलले ते लिहीत नाही, त्यांच्यावरही वरचं दडपण आहे. शनिवारी तिघांनी मिळून माल मोजला. ४१ खोकी कमी भरली. माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय, पुढे काय होईल ते होईल.

सगळ्यात जड गेलं ते शेजारच्या टेबलावरच्या सहकारीला सांगणं. तिने ऐकून घेतलं, वही पुढे ओढली आणि माझी मागची दोन पानं पुन्हा तपासली. बरोबर केलं तिने.

आईशी बोललो. सहीचंही सांगितलं. तिने मला कुणी धरलं होतं, कोण कुठे उभं होतं, वडिलांनी वचनं देताना कशी चूक केली आणि पुन्हा म्हटली, हे सगळं सांगितलं. मी नुसता ऐकत होतो. या वेळी घड्या मी घातल्या.

मी पुन्हा घेणार नाही. मित्राला काल भेटून सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. तो बराच वेळ गप्प होता. त्याला वाटतं मी चुकतोय, आणि ते त्याने लपवलं नाही. निघताना फक्त म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी तू नसशील?" मला त्याचं काय उत्तर द्यावं कळेना. स्वतः न घेता मी तिथे उभा राहिलो तर त्याला, त्याच्या मंडळीला, ते नकारासारखं दिसेल का?

पाण्यातून_वर

जा. कोरडा टॉवेल घेऊन अगदी काठाशी उभे राहा. वर येताना डोळ्यांत पाणी असतं, कपडे जड झालेले असतात, पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही. त्या वेळी मला हात दिला तो माझ्या भावाने. त्याने आजवर दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतलेला नाही, आणि तेव्हा त्याचे निम्मे पैसे माझ्याकडून यायचेच होते.